आयफ्रेम कोरी राहते, लॉगिन टिकत नाही, प्लेअर ऐकत नाही: कारण कुठे शोधायचं

तक्रार साधारण अशी येते. दुसऱ्या साइटचा व्हिडिओ, नकाशा, पेमेंटचा फॉर्म किंवा चॅटची खिडकी आयफ्रेमने, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीने, आपल्या पानात बसवली. डेव्हलपरच्या मशीनवर सगळं चालतं. सर्व्हरवर चढवल्यावर काही जणांना नुसता करडा चौकोन दिसतो, काहींना आतमध्ये पुन्हा पुन्हा लॉगिन मागितलं जातं, आणि बाहेरचं ‘प्ले’ बटण कधी चालतं, कधी नाही. मग कुणी सेटटाइमआउटचा, म्हणजे कोड किती वेळ थांबून चालवायचा याचा, आकडा वाढवतं, कुणी फ्रेमवर बंधनं घालणारं सँडबॉक्स अ‍ॅट्रिब्यूटच काढून टाकतं, कुणी पोस्टमेसेजमध्ये (दोन पानांनी एकमेकांना संदेश पाठवायची सोय) ओरिजिनच्या (पत्त्यातला स्कीम, होस्ट आणि पोर्ट) जागी ‘कुणालाही चालेल’ म्हणणारी तारका टाकतं. तक्रार काही दिवस थांबते आणि परत येते.

ती परत येते, कारण इथे चार निरनिराळे बिघाड आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. आतलं पान फ्रेममध्ये उघडू द्यायला त्याची साइट तयार आहे का? उघडलं तर त्याला कोणते अधिकार मिळाले? त्याच्या कुकी आणि स्टोरेज त्याच्या हाताला लागतात का? आणि दोन पानांमधला संदेश योग्य वेळी, योग्य ओरिजिनला जातो का? तपासणी याच क्रमाने करायची. क्रम सोडला की संदेशाच्या कोडमध्ये दोन दिवस जातात आणि मूळ कारण सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या एका हेडरमध्ये निघतं.

लोड इव्हेंटवर विसंबू नका

आयफ्रेमचा लोड इव्हेंट आला म्हणजे आतलं पान आलं, असा अर्थ होत नाही. क्रोममध्ये पान अडवलं गेलं, सर्व्हर सापडला नाही, तरी फ्रेममध्ये त्रुटीचं पान चढतं आणि त्याचाही लोड इव्हेंट येतो. एरर इव्हेंटची वाट पाहण्यातही अर्थ नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे: यश आणि अपयश वेगळं ओळखता आलं असतं, तर कुठल्याही पानाने आयफ्रेम लावून तुमच्या आतल्या नेटवर्कवर कोणते सर्व्हर चालू आहेत हे चाचपून पाहिलं असतं.

म्हणून ‘आतलं पान जिवंत आहे’ याचा एकच भरवशाचा पुरावा धरायचा: आतल्या पानाने स्वतः पाठवलेला संदेश. ठरलेल्या मुदतीत, समजा १० सेकंदांत, तो आला नाही तर फ्रेमच्या जागी ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ अशी लिंक दाखवायची. ही सोय पहिल्या दिवसापासून हवी. कारण खाली दिलेली काही कारणं तुमच्या हातात नाहीत; ती वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये किंवा समोरच्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत.

पाहायचं कुठे

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये कन्सोलच्या वरच्या पट्टीत ‘टॉप’ लिहिलेली यादी असते. तिथून आतली फ्रेम निवडली की कन्सोल त्या फ्रेमच्या आत चालतो. तिथे ‘सेल्फ डॉट ओरिजिन’ छापून पाहा. लोकेशनमधला ओरिजिन छापू नका. सँडबॉक्समध्ये अडकलेल्या पानातही तो पत्त्यावरून काढलेला नेहमीचा ओरिजिन दाखवतो आणि दिशाभूल करतो. सेल्फचा ओरिजिन ‘नल’ आला तर पान सँडबॉक्समध्ये आहे. फ्रेमचा पत्ताच ‘क्रोम-एरर’ने सुरू होत असेल तर आतलं पान आलेलंच नाही, पुढचं काही तपासू नका.

अ‍ॅप्लिकेशन टॅबमध्ये तळाशी फ्रेम्सची यादी आहे. तिथे प्रत्येक फ्रेमचा ओरिजिन आणि तिला मिळालेल्या व नाकारलेल्या परवानग्या एकत्र दिसतात. ही जागा फार कमी लोक उघडतात, आणि कॅमेरा-मायक्रोफोनच्या बहुतेक तक्रारी तिथेच निकालात निघतात. नेटवर्क टॅबमध्ये ‘डॉक’ हा फिल्टर लावून फ्रेमच्या पत्त्याची पूर्ण रीडायरेक्ट साखळी पाहा आणि शेवटच्या उत्तराचे हेडर वाचा. पहिल्याचे नव्हे, शेवटच्याचे.

तपासणी नव्या प्रोफाइलमध्ये, एकही एक्स्टेंशन न ठेवता करा. नेटवर्कमध्ये ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ दिसलं तर जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेंशनने विनंती गिळली आहे. तुमच्या कोडचा तिथे संबंध नाही.

करडा चौकोन: समोरच्याचा नकार

फ्रेममध्ये दिसायचं की नाही हे आतल्या पानाची साइट ठरवते. त्यासाठी दोन हेडर आहेत. जुनं एक्स-फ्रेम-ऑप्शन्स, ज्याच्या कामाच्या किमती दोनच, ‘डिनाय’ आणि ‘सेम-ओरिजिन’. तिसरी ‘अलाऊ-फ्रॉम’ आता मृत आहे; आजचे ब्राउझर ती ओळखत नाहीत, म्हणजे ज्याने संरक्षणासाठी ती लिहिली त्याला काहीच संरक्षण मिळत नाही. नवं हेडर म्हणजे कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसीमधलं ‘फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स’. दोन्ही असतील तर आजचे ब्राउझर फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स मानतात आणि जुनं सोडून देतात.

आतली साइट तुमच्याच संस्थेची असेल तर नेमकं काय चुकतं ते पाहा.

फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स एचटीएमएलच्या मेटा टॅगमधून दिलं तर चालत नाही, ते हेडरमधूनच जावं लागतं. यादीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेलं नाव लिहिलं असेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं पान त्यात बसत नाही. तारका लावून सगळे सबडोमेन घेतले तर मूळ डोमेन सुटतं, ते वेगळं लिहावं लागतं. पोर्ट लिहिला नाही तर फक्त त्या स्कीमचा ठरलेला पोर्ट धरला जातो, त्यामुळे लोकलहोस्टच्या ३००० पोर्टवरची चाचणी अडते. आणि ही तपासणी फक्त लगतच्या पालक पानाची नसते, वरपर्यंतच्या प्रत्येक पानाची असते. तुमचं पान एखाद्या शिक्षण-पोर्टलच्या फ्रेममध्ये असेल आणि त्याच्या आत व्हिडिओची फ्रेम असेल, तर व्हिडिओच्या साइटने पोर्टललाही परवानगी दिलेली हवी.

एकच हेडर दोनदा जाणं हाही नेहमीचा घोळ आहे. अ‍ॅप्लिकेशन एक पाठवतं, पुढे उभा असलेला प्रॉक्सी (मधला सर्व्हर) किंवा सीडीएन (फाइली जवळून देणारं सर्व्हरांचं जाळं) स्वतःचं जोडतो. एक्स-फ्रेम-ऑप्शन्सच्या दोन किमती परस्परविरोधी असल्या तर क्रोम सरळ ‘डिनाय’ समजतं. कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसीची दोन हेडर असली तर दोन्हींतून पार व्हावं लागतं. दुसरं सैल केल्याने पहिलं सैल होत नाही.

नकार तुमच्या बाजूनेही असू शकतो. तुमच्याच पानाच्या पॉलिसीत ‘फ्रेम-सोर्स’ असेल तर आतल्या साइटचं नाव तिथे हवं. फ्रेम-सोर्स नसेल तर ब्राउझर ‘चाइल्ड-सोर्स’ आणि मग ‘डिफॉल्ट-सोर्स’ पाहतो. बाहेरचं पान एचटीटीपीएसवर आणि आतलं साध्या एचटीटीपीवर असेल तर मिश्र मजकूर म्हणून ते अडतं. आणि शेअर्ड-अ‍ॅरे-बफरसाठी (थ्रेडमधली सामायिक मेमरी) कुणी क्रॉस-ओरिजिन-एम्बेडर-पॉलिसी ‘रिक्वायर-कॉर्प’ लावली असेल, तर आतल्या पानानेही तशीच पॉलिसी पाठवल्याशिवाय ते उघडत नाही. त्रयस्थ कंपनी तुमच्यासाठी हेडर बदलणार नाही. अशा वेळी क्रोम ११० पासून आयफ्रेमवर ‘क्रेडेन्शिअललेस’ अ‍ॅट्रिब्यूट लावता येतं. पण मग आतल्या पानाला आधीच्या कुकी मिळत नाहीत, हे लक्षात ठेवूनच लावा.

सर्वांत फसवा प्रकार रीडायरेक्टचा. फ्रेमचा पत्ता बरोबर, त्याला नकाराचं हेडरही नाही, तरी करडा चौकोन. कारण सत्र सापडलं नाही म्हणून सर्व्हरने लॉगिनच्या पानाकडे पाठवलं, आणि लॉगिनच्या पानाने ‘डिनाय’ दिलं. लॉगिन केलेल्या डेव्हलपरला हे कधीच दिसत नाही. दिसतोय हेडरचा बिघाड, आहे कुकीचा. साखळीतलं शेवटचं उत्तर वाचायला सांगितलं ते यासाठीच.

ज्या साइटने ठरवून नकार दिला आहे, तिची हेडर स्वतःच्या प्रॉक्सीतून काढून ते पान दाखवू नका. लॉगिनची आणि पैशांची पानं क्लिकजॅकिंगपासून, म्हणजे लपवलेल्या फ्रेमवर फसवून क्लिक करवून घेण्यापासून, वाचावीत म्हणून हा नकार असतो. शिवाय प्रॉक्सीतून आलेल्या पानाचा ओरिजिन तुमचा होतो, त्याच्या सगळ्या स्क्रिप्ट तुमच्या कुकींना हात लावू शकतात. त्या साइटचा एम्बेडसाठी वेगळा पत्ता आहे का ते पाहा. नसेल तर नव्या टॅबची लिंक द्या.

पान दिसतं, पण आतलं काम अडतं

इथे दोन अ‍ॅट्रिब्यूट पाहायची: सँडबॉक्स आणि अलाऊ. दोन्हींबद्दलची एक गोष्ट आधी: चालू फ्रेमवर जावास्क्रिप्टने ती बदलली तर लगेच काहीही होत नाही. पुढच्या नॅव्हिगेशनला ती लागू होतात. त्यामुळे इन्स्पेक्टरमध्ये टोकन जोडून ‘काही फरक पडला नाही’ हा निष्कर्ष चुकीचा असतो. फ्रेम पुन्हा लोड करा, मग बोला.

सँडबॉक्स नुसतं लिहिलं, किंमत दिली नाही, तर सगळंच बंद होतं: स्क्रिप्ट, फॉर्म, पॉपअप, डाउनलोड, अलर्ट. मग एकेक टोकन लावून उघडायचं. त्रयस्थाच्या व्हिडिओ किंवा फॉर्मसाठी ‘अलाऊ-स्क्रिप्ट्स’, ‘अलाऊ-सेम-ओरिजिन’, ‘अलाऊ-फॉर्म्स’, ‘अलाऊ-पॉपअप्स’ हे चार बहुधा लागतात. पॉपअप उघडतो पण त्यातली साइट मोडकी दिसते, तेव्हा ‘अलाऊ-पॉपअप्स-टू-एस्केप-सँडबॉक्स’ राहिलेलं असतं, कारण ते नसलं तर नवी खिडकीही त्याच बंधनांत उघडते.

‘अलाऊ-सेम-ओरिजिन’ या टोकनाने आतल्या पानाला तुमचा ओरिजिन मिळत नाही, त्याचा स्वतःचा ओरिजिन परत मिळतो. ते नसेल तर पानाचा ओरिजिन अपारदर्शक, म्हणजे ‘नल’, होतो, लोकलस्टोरेजला हात लावताच सिक्युरिटी-एरर येते, आणि बरेच प्लेअर तिथेच कोसळतात. धोका एकाच परिस्थितीत आहे: आतलं पान तुमच्याच ओरिजिनचं असताना ‘अलाऊ-स्क्रिप्ट्स’ आणि ‘अलाऊ-सेम-ओरिजिन’ दोन्ही दिली, तर ते पान बाहेरच्या डॉममध्ये (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेत) जाऊन स्वतःचं सँडबॉक्स काढून टाकू शकतं. अविश्वासू मजकूर आपल्याच डोमेनवरून कधीही देऊ नये. वेगळं डोमेन घ्या.

अलाऊ अ‍ॅट्रिब्यूट परवानगी-धोरणाचं. कॅमेरा, मायक्रोफोन, जिओलोकेशन, फुलस्क्रीन, ऑटोप्ले या गोष्टी दुसऱ्या ओरिजिनच्या फ्रेमला आपोआप मिळत नाहीत. ओळखायची खूण: परवानगी विचारणारी चौकट न दिसताच कॅमेरा-मायक्रोफोन मागणारं गेटयूजरमीडिया ‘नॉट-अलाउड-एरर’ देतं. वापरणाऱ्याने पूर्वी नकार दिला असेल तरीही हेच दिसतं, म्हणून नव्या प्रोफाइलमध्ये पाहायचं.

अलाऊमध्ये नुसतं ‘कॅमेरा’ लिहिलं की परवानगी आयफ्रेमच्या सोर्समध्ये लिहिलेल्या ओरिजिनला मिळते. तो पत्ता दुसऱ्या ओरिजिनकडे रीडायरेक्ट झाला तर परवानगी मागेच राहते! व्हिडिओ-कॉलच्या कंपन्या एका छोट्या पत्त्यावरून प्रदेशवार सर्व्हरकडे पाठवतात, तेव्हा ‘काही ग्राहकांनाच कॅमेरा मिळत नाही’ अशी तक्रार येते ती यामुळे. उपाय: अलाऊमध्ये ‘कॅमेरा’नंतर शेवटच्या मुक्कामाचे ओरिजिन नावानिशी लिहा. आणि तुमचा सर्व्हर ‘परमिशन्स-पॉलिसी’ हेडरमध्ये कॅमेऱ्यासमोर रिकामा कंस पाठवत असेल, तर अलाऊमध्ये काहीही लिहून उपयोग नाही. हेडरने ज्याला नाही म्हटलं त्याला अ‍ॅट्रिब्यूट हो म्हणू शकत नाही.

ऑटोप्लेचं गणित थोडं वेगळं. बाहेरच्या पानावरचा क्लिक दुसऱ्या ओरिजिनच्या फ्रेमला क्लिक म्हणून मिळत नाही. तुम्ही बाहेरचं बटण दाबून आत ‘प्ले’चा संदेश पाठवता, पण आतल्या पानाच्या लेखी कुणीच काही दाबलेलं नसतं, म्हणून आवाजासहित व्हिडिओ सुरू होत नाही. अलाऊमध्ये ‘ऑटोप्ले’ दिलं की बाहेरच्या पानाची मुभा आत पोहोचते. आवाज बंद ठेवून सुरू करणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग. फुलस्क्रीनचंही तसंच: संदेश पाठवून आतून फुलस्क्रीन मागण्यापेक्षा बाहेरच्या क्लिकमध्येच आयफ्रेमच्या घटकावर रिक्वेस्टफुलस्क्रीन बोलवा.

लॉगिन टिकत नाही

कुकीच्या सेम-साइट गुणधर्माला किंमत दिली नसेल तर क्रोम ८० पासून, म्हणजे २०२० पासून, ती ‘लॅक्स’ धरली जाते आणि दुसऱ्या साइटच्या फ्रेममध्ये जात नाही. आतल्या साइटने ‘नन’ आणि सोबत ‘सिक्युअर’ लिहायला हवं. पण तेवढ्याने काम संपत नाही. सफारीने १३.१ आवृत्तीपासून, मार्च २०२० मध्ये, त्रयस्थ कुकी, म्हणजे फ्रेममधल्या दुसऱ्या साइटच्या कुकी, पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी कुकीचा वेगळा डबा सर्वांसाठी चालू केला. क्रोमने त्रयस्थ कुकी काढून टाकण्याचा बेत सोडला असला तरी इन्कॉग्निटोत त्या मुळातच बंद असतात. ‘क्रोमवर चालतं, आयफोनवर चालत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच.

आतली साइट तुमच्या हातात असेल तर दोन वाटा आहेत. फ्रेममधलं सत्र बाहेरच्या साइटपुरतं वेगळं असलं तरी चालत असेल, उदाहरणार्थ चॅटची खिडकी, तर कुकीला ‘पार्टिशन्ड’ गुणधर्म द्या. क्रोममध्ये तो ११४ पासून आहे आणि ‘सिक्युअर’ सोबत लागतंच. मूळ साइटवरचं खरं लॉगिनच हवं असेल तर स्टोरेज अ‍ॅक्सेस एपीआय: आतल्या पानात बटण दाखवायचं, त्याच्या क्लिकमध्ये रिक्वेस्ट-स्टोरेज-अ‍ॅक्सेस बोलवायचं. क्लिकशिवाय पहिल्यांदा ते नाकारलं जातं. वापरणारा त्या साइटवर आधी थेट जाऊन काही दाबून आलेला नसेल तरी सफारी आणि क्रोम नकार देतात. सँडबॉक्स असेल तर ‘अलाऊ-स्टोरेज-अ‍ॅक्सेस-बाय-यूजर-अ‍ॅक्टिव्हेशन’ टोकन हवं. होकार आल्यावर आधी लोड झालेला मजकूर आपोआप बदलत नाही. डेटा पुन्हा मागवा किंवा फ्रेम रीलोड करा.

लॉगिन पॉपअपमध्ये करून निकाल फ्रेमला कळवायचा असेल, तर एक सापळा आहे. पॉपअप आणि फ्रेम एकाच ओरिजिनचे आहेत म्हणून ब्रॉडकास्ट-चॅनेल किंवा लोकलस्टोरेजमधून बोलतील असं वाटतं. क्रोम ११५ पासून स्टोरेजची विभागणी वरच्या साइटनुसार होते, त्यामुळे पॉपअप एका कप्प्यात, फ्रेम दुसऱ्या कप्प्यात. आवाज पोहोचत नाही. विंडो-ओपनरवर पोस्टमेसेज हा रस्ता उरतो. आणि लॉगिनच्या पानाने क्रॉस-ओरिजिन-ओपनर-पॉलिसी ‘सेम-ओरिजिन’ लावली असेल तर ओपनरही तुटतो. ती पॉलिसी त्या पानावरून सैल करता येते का, हे लॉगिन सांभाळणाऱ्यांना विचारावं लागतं.

संदेश जातो, पण पोहोचत नाही

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, कारण पोस्टमेसेज चुकला तरी कोड थांबत नाही. ओरिजिन जुळला नाही तर अपवाद फेकला जात नाही, कॅचमध्ये काही येत नाही. कन्सोलमध्ये फक्त एक ओळ उमटते, की दिलेला टार्गेट ओरिजिन समोरच्या खिडकीच्या ओरिजिनशी जुळत नाही. या ओळीतला दुसरा ओरिजिन, म्हणजे समोरच्या खिडकीचा, नीट वाचा. बिघाड कुठे आहे ते तोच सांगतो.

तिथे तुमच्याच साइटचं नाव असेल तर संदेश फार लवकर गेला. आयफ्रेम डॉममध्ये आली की तिच्यात आधी कोरं ‘अबाउट-ब्लँक’ पान असतं आणि त्याचा ओरिजिन बाहेरच्या पानाचाच असतो. खरं पान यायच्या आत पाठवलेला संदेश या कोऱ्या पानाकडे जातो. तिथे ‘नल’ असेल तर एकतर त्रुटीचं पान चढलं आहे, किंवा सँडबॉक्समध्ये ‘अलाऊ-सेम-ओरिजिन’ नाही. तिसरंच एखादं नाव असेल तर रीडायरेक्ट, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा फरक, एचटीटीपी-एचटीटीपीएसचा फरक किंवा पोर्ट. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असणं-नसणं याला महत्त्व नाही. ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट, मार्ग त्यात धरला जात नाही.

तारका टाकून ही ओळ गप्प करता येते आणि म्हणूनच ती सगळीकडे टाकलेली दिसते. पण मग संदेशात टोकन किंवा वापरणाऱ्याची माहिती असेल तर फ्रेममध्ये त्या क्षणी जे कोणतं पान असेल त्याला ती मिळते. तारकेला एकच रास्त जागा आहे: ओरिजिन ‘नल’ असलेली सँडबॉक्समधली फ्रेम. तिथे नाव देताच येत नाही. तेव्हा गुप्त काही पाठवू नका, आणि उलट आलेला संदेश कुणाचा हे इव्हेंटचा सोर्स आयफ्रेमच्या कंटेंटविंडोशी ताडून ओळखा.

वेळेचा प्रश्न सेटटाइमआउटने सुटत नाही. दोन सेकंद तुमच्या जोडणीवर पुरतात, मंद मोबाइलवर पुरत नाहीत. ‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार तिथूनच जन्मते. पक्की पद्धत हस्तांदोलनाची. बाहेरचं पान मेसेज इव्हेंटचा लिसनर आधी लावतं, त्यानंतरच आयफ्रेमला सोर्स देतं. आतलं पान स्वतःचे लिसनर लावून झाल्यावर ‘तयार’ असा संदेश पाठवतं. तो येईपर्यंत बाहेरचे सगळे आदेश रांगेत थांबतात. आला की क्रमाने सुटतात.

यातही एक फट राहते. पान सर्व्हरवरच रेंडर होऊन येत असेल तर आयफ्रेम एचटीएमएलमध्येच असते, आणि तुमची जावास्क्रिप्ट जागी व्हायच्या आत आतलं पान ‘तयार’ म्हणून मोकळं झालेलं असतं. तो संदेश हरवला तो हरवला. म्हणून बाहेरूनही दर ३०० ते ५०० मिलिसेकंदांनी ‘आहेस का?’ विचारत राहा, उत्तर येताच थांबा, आणि वर सांगितलेली मुदत संपली की पर्याय दाखवा. दोन्ही बाजूंनी सुरुवात करता आली की आधी कोण जागं झालं याला महत्त्व उरत नाही.

हस्तांदोलन झाल्यावर पुढचं बोलणं मेसेज-चॅनेलवर न्यावं. पहिल्या उत्तरासोबत एक पोर्ट आत पाठवायचा. मग प्रत्येक संदेशाचा ओरिजिन तपासायची गरज राहत नाही, कारण तो पोर्ट फक्त त्या दोघांकडेच असतो. पोर्टवर ऑनमेसेज ठेवलं तर तो आपोआप सुरू होतो. अ‍ॅडइव्हेंटलिसनर वापरलं तर स्टार्ट बोलवावं लागतं. हे विसरलं की काहीच त्रुटी न देता पोर्ट मुका राहतो.

येणारा संदेश तपासताना ओरिजिनची पूर्ण बरोबरी तपासा. ‘शेवटी हे नाव येतं का’ किंवा ‘यात हे नाव आहे का’ अशी तपासणी कुणीही त्याच शेवटाचं डोमेन घेऊन चुकवतो. विंडोवर एक्स्टेंशनचे संदेशही येतात, तेव्हा अनोळखी आकाराचा डेटा आला तर त्रुटी न फेकता सोडून द्या.

पाठवताना ‘डेटा-क्लोन-एरर’ आली तर वस्तूत फंक्शन, डॉमचा घटक किंवा जावास्क्रिप्टची प्रॉक्सी वस्तू आहे. व्ह्यूसारख्या फ्रेमवर्कमधली रिअ‍ॅक्टिव्ह वस्तू प्रॉक्सी असते. ती तशीच पाठवू नका, लागणारी मूल्यं साध्या वस्तूत काढून पाठवा.

पहिल्यांदा चालतं, पान बदलून आल्यावर नाही

आयफ्रेम डॉममध्ये एका जागेवरून काढून दुसरीकडे लावली की ती पुन्हा लोड होते आणि तिची कंटेंटविंडो नवी असते. तुम्ही जुनी व्हेरिएबलमध्ये जपून ठेवली असेल तर संदेश मेलेल्या खिडकीकडे जातात. रिअ‍ॅक्टमध्ये घटकाची ‘की’ (ओळख) बदलली किंवा वरचा घटक बदलला तरी हेच घडतं. कंटेंटविंडो दर वेळी आयफ्रेमकडूनच घ्या, आणि ‘तयार’ संदेश दुसऱ्यांदा आला तर तो नवी सुरुवात समजून पोर्ट व रांग नव्याने मांडा. टॅब किंवा अकॉर्डियनमध्ये फ्रेम लपवायची असेल तर डॉममधून काढू नका, सीएसएसने लपवा. मात्र ‘लोडिंग’ला ‘लेझी’ दिलेली फ्रेम लपवलेली असताना लोड होईलच याची खात्री नसते, तिच्या ‘तयार’ची वाट पाहत बसू नका.

यूट्यूबच्या प्लेअरपुरतं

यूट्यूबचा आयफ्रेम एपीआय वरच्या संदेशांवरच उभा आहे, त्यामुळे तेच नियम लागतात. आयफ्रेम स्वतः लिहिली असेल तर पत्त्यात ‘इनेबल-जेएस-एपीआय’ १ हवं, नाहीतर प्लेअर दिसतो पण आदेश घेत नाही. ‘ऑन-यूट्यूब-आयफ्रेम-एपीआय-रेडी’ हे फंक्शन ग्लोबल असावं लागतं. मॉड्यूलच्या आत लिहिलं तर ते कुणी बोलवत नाही, विंडोवर टांगा. पानात दोन प्लगइन तेच नाव वापरत असतील तर नंतरचं आधीच्याला पुसून टाकतं आणि एकच प्लेअर जागा होतो. फाइल थेट डिस्कवरून उघडून चाचणी करू नका, तिथे ओरिजिन ‘नल’ असतो. लोकल सर्व्हर लावा.

त्रुटीचे आकडे नेमके बोलतात. २ म्हणजे पॅरामीटर चुकीचा, बहुतेकदा व्हिडिओचा आयडी. ५ म्हणजे प्लेअरचा अंतर्गत बिघाड. १०० म्हणजे व्हिडिओ काढलेला किंवा खासगी. १०१ आणि १५० यांचा अर्थ एकच: मालकाने इतरत्र बसवायला परवानगी दिलेली नाही, तिथे कोड बदलून काही होणार नाही. १५३ आला तर रेफरर, म्हणजे विनंती कोणत्या पानावरून आली ते सांगणारं हेडर, पोहोचलेला नाही. तुमच्या सर्व्हरने किंवा एखाद्या सुरक्षा-प्लगइनने रेफरर-पॉलिसी ‘नो-रेफरर’ किंवा ‘सेम-ओरिजिन’ केली आहे का ते पाहा आणि आयफ्रेमवर ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ द्या. रेफररवरून एपीआय-की तपासणाऱ्या इतर सेवाही याच कारणाने अडतात.

समोरच्या कंपनीला लिहायचं झालं तर

‘तुमचं विजेट चालत नाही’ या पत्राला ‘आमच्याकडे चालतं’ हेच उत्तर येतं. पत्रात बाहेरच्या पानाचा ओरिजिन, फ्रेमचा सुरुवातीचा आणि रीडायरेक्टनंतरचा शेवटचा पत्ता, त्या शेवटच्या उत्तराचे सगळे हेडर, कन्सोलमधली ओळ जशीच्या तशी, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, आणि त्रयस्थ कुकी चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत काय झालं ते लिहा. सोबत एकाच आयफ्रेमचं, दुसरी एकही स्क्रिप्ट नसलेलं उघडं पान जोडा, पण ते त्याच डोमेनवर ठेवा जिथे बिघाड दिसतो. दुसऱ्या डोमेनवर फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स आणि कुकी दोन्हींचा निकाल बदलू शकतो. हेडरची नक्कल पाठवण्याआधी त्यातल्या सत्राच्या कुकी आणि टोकन खोडून टाका.